दादोबा पांडुरंग, सुरत आणि इंग्रजीचा भूतकाळ



स्मृतिव्याख्यानात एखाद्या थोर पुरुषाची थोरवी गावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही शाळा दरवर्षी व्याख्यान योजते, ते स्वतः फळा आणि खडू यांपलीकडे कधी फारसे गेले नाहीत. त्यांच्या नावाला शोभेल असा विषय वर्गातलाच असला पाहिजे, असे मला वाटले. म्हणून मी आज इतिहास सांगणार आहे, पण तो लढायांचा नव्हे. मराठी मुलाला इंग्रजी वाक्यातील शब्दांचा क्रम आणि भूतकाळी क्रियापदांची रूपे का अवघड जातात, ती शिकवण्याचे कोणकोणते मार्ग आपण गेल्या पावणेदोनशे वर्षांत धुंडाळले, आणि त्या साऱ्या खटाटोपाशी आपल्या या सुरत शहराचा काय संबंध आहे, एवढाच माझा विषय आहे.

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ हे साल आठवते. मला त्याच्या बरोबरीने १८४४ हे सालही आठवते. त्या वर्षी मिठावरील कर दुप्पट झाला म्हणून हे शहर खवळून उठले होते. त्याच वर्षी २२ जून रोजी येथे ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. तिचे एक प्रवर्तक मेहताजी दुर्गाराम मंछाराम हे सरकारी गुजराती शाळेचे शिक्षक होते, आणि दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे येथील सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी पाचही नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून सुरतेत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. सभेने जातिभेद, मंत्रतंत्र आणि भूतखेत यांविरुद्ध जे काम केले त्याचा इतिहास गुजराती अभ्यासकांनी सांगितलेला आहे. दादोबांचे दुसरे अंग मात्र सुरतेत कोणी फारसे आठवत नाही. सुरतेत मुलांना इंग्रजी शिकवणारे हे गृहस्थ मराठी भाषेचे व्याकरणकार होते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्याच्या आदल्याच वर्षी मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण लिहिले गेले होते. इंग्रजी येणार, हे ठरल्यासारखे होते. अशा वेळी एका इंग्रजी शिकलेल्या तरुणाने आपल्या भाषेचे नियम लिहून काढावेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीचे व्याकरण त्यापूर्वी कोणी लिहिले नव्हते असे नाही. विल्यम केरीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले होते. पण ते परक्याने परक्यांसाठी लिहिलेले. दादोबांचे व्याकरण मराठी मुलांसाठी होते. ते रचताना त्यांच्यासमोर नमुना होता तो लिंड्ली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे यांचे हे पुस्तक १७९५ साली निघाले आणि पुढे कित्येक दशके इंग्रजी शिकणाऱ्या देशोदेशींच्या मुलांच्या हाती होते. म्हणजे पाहा, मराठी मुलाने शाळेत इंग्रजीचे व्याकरण पाठ केले, आणि त्या आरशात पाहून आपल्या भाषेचा चेहरा प्रथम नीट न्याहाळला.

आरसा मात्र थोडा वाकडा होता. इंग्रजीच्या चौकटीत मराठीचे बरेच काही बसले, परंतु एक गोष्ट काही केल्या बसेना. ती गोष्ट म्हणजे भूतकाळ.

‘मुलगा आंबा खातो’ या वाक्यात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. मुलगी आली की ‘खाते’ होते. हे इंग्रजीच्या रीतीला फारसे सोडून नाही. पण हेच वाक्य भूतकाळात न्या: ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’, ‘मुलाने केळे खाल्ले’. खाणारा तोच, पण क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या पदार्थाच्या मागे गेले. याची चौकट मरेकडे नव्हती. ती संस्कृतकडून घ्यावी लागली. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग आपण शाळेत शिकतो ते त्यासाठी. संस्कृतात ‘खादित’ हे मुळात ‘खाल्लेले’ अशा अर्थाचे विशेषण. ‘रामेण फलं खादितम्’, म्हणजे रामाकडून फळ खाल्ले गेले. त्या रूपाला प्राकृताच्या वाटेने ‘ल’ चिकटला आणि ‘खाल्ले’ तयार झाले. विशेषण आपल्या विशेष्याचे लिंग घेते, म्हणून खाल्लेली वस्तू स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हे आपल्या क्रियापदाला आजही विसरता येत नाही. मराठीत प्रयोग किती आणि कोणते, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शाळापत्रका’त लिहिलेल्या निबंधांत दादोबांच्या व्याकरणाची कसून चिकित्सा केली, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त साऱ्या मतांचा पुन्हा एकदा हिशेब मांडला. ‘तू आंबा खाल्लास’ या वाक्यात ‘खाल्ला’ आंब्याचा आणि शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’चा, एकाच क्रियापदाने दोन धन्यांची चाकरी करावी, अशा संकरापर्यंत ही चर्चा गेली.

हा सगळा पंडिती खल आहे, वर्गाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आठवी-नववीचा विद्यार्थी जेव्हा इंग्रजी भूतकाळात चुकतो, तेव्हा बहुधा तो निष्काळजीपणाने चुकत नाही. त्याला येत असलेल्या एका पक्क्या व्याकरणाच्या आधाराने तो चुकतो. पुस्तकात पाहून नव्हे, तर आईच्या मांडीवर बसून शिकलेले ते व्याकरण असते.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ‘मी गेलो नाही’ याचे इंग्रजी मुले ‘आय डिड नॉट वेन्ट’ असे करतात. किती तरी शिक्षकांनी या एका वाक्यापायी आपला घसा कोरडा केला आहे, आणि पूर्वी तर हातावर छड्याही बसत. मुलाच्या बाजूने पाहा. मराठीत नकार आला तरी ‘गेलो’ हे ‘गेलो’च राहते, शेवटी ‘नाही’ जोडले की काम झाले. भूतकाळ क्रियापदावर असतो आणि नकार त्याच्या शेजारी उभा राहतो. मुलाने ‘वेन्ट’ ठेवले, शेजारी नकार ठेवला, वर शिक्षकांनी सांगितले म्हणून ‘डिड’ही घातले. त्याच्या हिशेबाने सर्व काही जागच्या जागी आहे.

इंग्रजीचा इतिहास तर याहून गमतीचा आहे. इंग्लंडातही एके काळी ‘आय वेन्ट नॉट’ हेच शुद्ध इंग्रजी होते. शेक्सपिअरच्या काळी ‘डू’ घेऊन केलेला नकार आणि ‘डू’वाचून केलेला नकार अशा दोन्ही रचना चालत. सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘डू’ने हळूहळू सारी सत्ता बळकावली आणि जुनी रचना धर्मग्रंथांत व काव्यात तेवढी उरली. म्हणजे आपल्या मुलाची शब्दांची मांडणी त्या जुन्या इंग्रजीच्या अगदी जवळची आहे. ही हकिकत मी नववीच्या वर्गात सांगितली, तेव्हा नेहमी मागच्या बाकावर बसणारी मुले पुढे सरकून ऐकू लागली. चूक म्हणजे मूर्खपणा नव्हे, हे कळले की मुलगा ती दुरुस्त करायला निम्मा तयार झालेला असतो.

‘वेन्ट’ या शब्दाचीही एक कथा आहे. ‘गो’ या क्रियापदाचे ते मूळचे रूप नाही. ‘वेन्ड’ नावाच्या निराळ्या क्रियापदाचा तो भूतकाळ. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो ‘गो’च्या संसारात कायमचा राहायला आला आणि ‘गो’चे स्वतःचे जुने रूप मागे पडले. मुले विचारतात, इंग्रजांनी हे असे का केले? मी त्यांना उलट विचारतो, आपण काय केले? ‘जाणे’चा भूतकाळ ‘जाला’ का होत नाही? ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून, आणि ‘गेला’ आला ‘गत’पासून. दोन्ही भाषांना जाण्याच्या भूतकाळासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले. तीच गोष्ट ‘करणे–केले’, ‘मरणे–मेला’, ‘म्हणणे–म्हटले’, ‘येणे–आला’ यांची. इंग्रजीतील अनियमित क्रियापदांचा तक्ता पाहून घाबरणारे मूल मराठीतील असाच तक्ता चार वर्षांचे असताना तोंडपाठ करून बसलेले असते, फक्त त्याला कोणी तसे सांगितलेले नसते.

आता शब्दक्रमाकडे वळतो. येथे नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतील मुलांची स्थिती पुण्या-सातारच्या मुलांहून वेगळी आहे, आणि तिचा विचार पाठ्यपुस्तकांत कोठे केलेला मला आढळला नाही.

ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत–भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून माणसे येथे आली. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून ती आली, यंत्रमागांवर आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांत राबली, आणि येथेच स्थिरावली. त्यांच्या घरात बहुतेक करून अहिराणी बोलली जाते. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशी भाषेला मराठीच्या खंडात स्थान दिले नाही. भिल्ली बोलींच्या सोबत, गुजरातीच्या शेजारी बसवले. त्याचे म्हणणे सर्वांना मान्य झाले नाही, आणि त्या वादात मी शिरत नाही. पण नवागामच्या मुलाच्या कानावर काय पडते ते पाहा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, चित्रपटात हिंदी. आणि या सर्वांच्या वर इंग्रजी.

‘ने’ हा एकच प्रत्यय घ्या. मराठीत ‘रामाने’ म्हटले की राम हा करणारा. हिंदीतही ‘राम ने’ म्हणजे करणाराच. गुजरातीत मात्र ‘रामने’ म्हणजे ‘रामाला’, आणि ‘मने’ म्हणजे ‘मला’. करणारा दाखवायचा तर गुजराती ‘रामे’ असे म्हणते. अहिराणीत ‘मला’ला ‘माले’ म्हणतात, तेथे कर्माची खूण ‘ले’. म्हणजे घरातून निघून नाक्यापर्यंत जाईतो ‘ने’ या प्रत्ययाने कर्त्याची बाजू सोडून कर्माची बाजू धरलेली असते. क्रियापदाचेही तसेच. ‘रामाने सीतेला पाहिले’ असे मराठी म्हणते. ‘ला’ लागताच क्रियापद कोणाचेही न राहता नपुंसकलिंगी होते, यालाच आपण भावे प्रयोग म्हणतो. हिंदीत ‘राम ने सीता को देखा’. गुजरातीत ‘रामे सीताने जोई’, तेथे क्रियापदाने सीतेचे स्त्रीलिंग काही सोडले नाही. ही सगळी रूपे आपले मूल न अडखळता बोलते. मोठमोठ्या भाषाशास्त्रज्ञांनी ज्यांवर ग्रंथ लिहिले ते फरक दहा वर्षांचा मुलगा भाजीवाल्याशी घासाघीस करताना बिनचूक पाळतो. त्यालाच आपण ‘भाषा कच्ची’ असा शेरा देतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

इंग्रजीत यांपैकी काहीच नाही. ‘राम किल्ड रावण’ या वाक्यात मारणाऱ्याला खूण नाही, मरणाऱ्यालाही नाही. खूण आहे ती फक्त जागेची. क्रियापदाच्या आधी जो उभा तो मारणारा, नंतर उभा तो मरणारा. नावांची अदलाबदल केली की रामायणच बदलते. मराठीत ‘रावणाला रामाने मारले’, ‘मारले रामाने रावणाला’, काहीही म्हणा, रावणच मरणार. कारण प्रत्यय शब्दाला घट्ट चिकटलेला आहे आणि शब्द कोठेही गेला तरी तो त्याच्याबरोबर जातो. इंग्रजीही हजार वर्षांपूर्वी काहीशी अशीच होती. तिच्या नामांना विभक्तिप्रत्यय होते आणि शब्दांना हिंडण्याची बरीच मोकळीक होती. ते प्रत्यय झिजून गेले, तेव्हा त्यांचे काम शब्दांच्या जागांनी उचलले. म्हणून इंग्रजीचा शब्दक्रम हा नुसता शिष्टाचार नव्हे; तेथे क्रम हीच विभक्ती आहे. एवढे एक वाक्य मुलांना पटले, तर ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ हे सूत्र घोकवून घेण्याची गरज फारशी उरत नाही. ज्याला चार भाषांतल्या चार खुणा कळतात, त्याला पाचव्या भाषेतली पाचवी खूण का कळू नये?

आता हे सारे शिकवले कसे गेले ते थोडक्यात सांगतो.

दादोबांच्या पिढीत इंग्रजी शिकणे म्हणजे व्याकरण, पाठांतर आणि भाषांतर. मुंबई इलाख्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून की देशी भाषांतून, हा वाद १८४७-४८च्या सुमारास एज्युकेशन बोर्डात रंगला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, आणि कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. पेरींची सरशी झाली. सुरतेच्या इंग्रजी शाळेतून मात्र एक वेगळे फळ निघाले. तेथे शिकलेले नंदशंकर मेहता १८५८ साली त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले, आणि त्यांनीच पुढे १८६६ साली ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिली. इंग्रजी नीट शिकलेला माणूस आपल्या भाषेला अंतरला नाही, उलट तिच्याकडे भरल्या हातांनी परतला, याचे सुरतेतच घडलेले हे उदाहरण आहे.

पुढे महाराष्ट्रात घरोघर पोहोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी नियम, मग शब्द, मग मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी करण्याची वाक्ये, अशी तिची रचना. आज तिच्याविषयी हसून बोलण्याची पद्धत आहे. तिच्यावर वाढलेले लोक पत्र उत्तम लिहीत, पण साहेबासमोर तोंड उघडायला घाबरत, हे खरेच आहे. तरीही तिने एक गोष्ट अचूक केली होती. तिने मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर उभे केले. (तोंड कसे उघडावे याचीही सोय तर्खडकर घराण्यातच होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या मुंबईच्या घरी १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ ठाकूर राहिले होते. आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडून त्यांनी इंग्रजी संभाषणाचे धडे घेतले, आणि तेथे नियमांचे पुस्तक मध्ये आले नसावे असा माझा तर्क आहे.)

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होती, ती १९६० पर्यंत. वर्षे कमी झाली, तेव्हा पद्धतही बदलावी लागली. १९५०च्या दशकात रचनापद्धती आली. ठरावीक वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने लावायच्या, त्या तोंडी घोटवून घ्यायच्या, आणि वर्गात मराठी शक्य तितकी टाळायची. या पद्धतीने मुलांची जीभ सैल केली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण मराठी दाराबाहेर ठेवली म्हणून ती मुलाच्या डोक्यातून जात नाही. ती तेथेच असते, आणि शिक्षक पाठमोरा झाला की वाक्य आपल्याच साच्यात ओतते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. दरम्यान १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरला प्रा. एन. एस. प्रभू यांनी व्याकरण मुळीच न शिकवता केवळ कामे सोडवायला देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला, त्याची चर्चा जगभर झाली. पद्धती येतात आणि जातात. ‘आय डिड नॉट वेन्ट’ आपल्या जागी कायम आहे.

माझ्या वर्गात मी जे केले त्यात नवे असे काही नाही, तरी शिक्षक मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून मी त्या मुलांच्या हाती देत असे आणि मुलांनाच ओळीत उभे करीत असे. ‘राम’, ‘वेन्ट’, ‘होम’ असे तिघे उभे राहिले की ‘वेन्ट’च्या डोक्यावर एक टोपी घालायची. ती भूतकाळाची टोपी. आता ‘नॉट’ची चिठ्ठी घेतलेली मुलगी ओळीत शिरू पाहते, पण तिला एकटीला शिरता येत नाही, तिच्याआधी ‘डिड’ला बोलवावे लागते. ‘डिड’ येतो तो रिकाम्या डोक्याने येत नाही, तो ‘वेन्ट’च्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घालतो. टोपी गेली की ‘वेन्ट’ला आपली चिठ्ठी उलटावी लागते, तिच्या मागे ‘गो’ लिहिलेले असते. इंग्रजी वाक्यात टोपी एकच. प्रश्न करायचा असेल तर ‘डिड’ टोपीसह रामाच्या पुढे जाऊन उभा राहतो. मराठीत आपण ‘राम घरी गेला का?’ असे शेवटी ‘का’ लावून मोकळे होतो. इंग्रजीत ओळच हलवावी लागते. मुलांनी ती ओळ स्वतःच्या पायांनी हलवली की हातांनी लिहिताना ती सहसा मोडत नाही.

दुसरा एक पेच मात्र चिठ्ठ्यांनी सुटत नाही, तो बोलूनच सोडवावा लागतो. मराठीतले ‘होता’ फार उदार आहे. ‘तो जात होता’, ‘तो गेला होता’, ‘तो जाणार होता’, ‘तो शिक्षक होता’, सगळीकडे एकच ‘होता’. इंग्रजीत त्याची वाटणी होते. चालू क्रियेला ‘वॉज’, पूर्ण झालेल्या क्रियेला ‘हॅड’. ‘होता’ म्हणजे ‘वॉज’ असे पाचवीत एकदा डोक्यात बसले की नववीपर्यंत ‘ही वॉज वेन्ट’ निघत राहते. याहूनही सूक्ष्म गोष्ट अशी, की मराठीत आपण ‘मी काल तुमच्याकडे आलो होतो’ असे सहज म्हणतो. त्यात पूर्वीच्याही पूर्वीचा असा काही भाव नसतो. आलो, आणि ते येणे संपले, एवढेच. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय हॅड कम’ असे होते, आणि इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, की आला होतात, त्यानंतर काय घडले? कारण त्याच्या भाषेत ‘हॅड’ने दोन भूतकालीन घटनांपैकी आधीची दाखवायची असते. ही चूक मी वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या लेखनातही पाहिली आहे. ती कमी इंग्रजी आल्याने होत नाही, ती मराठी आत खोल असल्याने होते. तिच्यावर उपाय एकच आहे, आपले ‘आलो होतो’ काय काम करते ते आधी मराठीतच समजून घेणे.

आणि येथेच मी मूळ मुद्द्याशी येतो. या वस्तीतले पालक विचारतात, मराठी शाळेत घालून मुलाला इंग्रजी कसे येणार? प्रश्न रागाने विचारलेला नसतो, काळजीने विचारलेला असतो. बारा तास यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या बापाने मुलासाठी इंग्रजी मागावी, यात गैर काहीही नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी या माध्यमांच्या शाळाही चालवते, ही या शहराची मोठी पुण्याई आहे. पण मराठी माध्यमाच्या शाळेने जर इंग्रजीच्या तासाला मराठी ही लपवण्याची वस्तू मानली, तर पालकांना उत्तर देता येणार नाही. मराठीतून इंग्रजी शिकवण्याचे बळ या शाळेजवळच आहे. ‘मी शिकलो’ आणि ‘मी वाचले’ यांत फरक का, हे ज्या मुलाला सांगता येते (‘शिकणे’ सकर्मक असूनही कर्तरी राहते, ‘विसरणे’ आणि ‘बोलणे’ही तसेच), त्याच्या हाती दुसऱ्या भाषेचे कुलूप उघडणारी किल्ली असते. ज्याला फक्त इंग्रजी वाक्ये घोकायला मिळाली, त्याला ती किल्ली मिळतेच असे नाही.

दादोबांनी सुरतेच्या वर्गात भूतकाळ कसा शिकवला, मराठी व्याकरणाचा हा कर्ता गुजराती मुलांसमोर उभा राहून कोणती वाक्ये फळ्यावर लिहीत असे, हे कळले असते तर या व्याख्यानाला वेगळीच शोभा आली असती. त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादून, पुढचे चरित्र स्वतः लिहून, १९४७ साली प्रसिद्ध केले. ते दोन अंगांनी वाचण्यासारखे आहे, सुरतेच्या इतिहासासाठी आणि त्यातील मराठीसाठी. दादोबा पुढे मुंबईला शिक्षकांच्या अध्यापनशाळेकडे गेले, मग नगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. पण व्याकरण त्यांनी सोडले नाही. १८५० साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, नंतर तिसरी, आणि १८६५ साली मुलांसाठी लघुव्याकरण. ते १८८२ साली वारले.

शाळेच्या ग्रंथालयात प्रियोळकरांचे हे पुस्तक नसेल तर ते अवश्य मागवावे, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. आणि नववीच्या मुलांनी त्यातील सुरतेच्या भागातली पाच वाक्ये निवडावीत, त्यांतील प्रत्येक ‘होता’, ‘होते’, ‘होती’ यांखाली रेघ मारावी, आणि मग ती वाक्ये इंग्रजीत करावीत. कोठे ‘वॉज’ येतो, कोठे ‘हॅड’ येतो, आणि कोठे दोन्ही न येता नुसता साधा भूतकाळ पुरतो, हे त्यांनी आपापसांत भांडून ठरवावे. शिक्षकांनी त्या भांडणात शेवटी पडावे.